दोन फुटांची चूक

मी अर्जेंटिनाला निघालो त्या सकाळी तात्या, माझे वडील, माझी बॅग उचलून फाट्यापर्यंत आले. एसटी आली. गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "जपून ऱ्हा." एवढंच.

आदल्या दिवशी भर ग्रामसभेत मी त्यांना चूक ठरवलं होतं.

पारनेर तालुक्यातलं आमचं गाव पाणी मोजून पीक ठरवतं. पावसाळा सरला की तात्या विहिरींमध्ये दगड बांधलेली दोरी सोडत. दोरीला फुटाफुटावर गाठी होत्या. पाणी किती खाली आहे ते गाठी मोजून सभेत सांगत, आणि त्यावर उन्हाळी कांदा लावायचा की नाही ते ठरे. मी तेव्हा गुजरातेत तेलविहिरींवर काम शिकून आलो होतो. खोल सोडलेली केबल ताणली जाते, तेवढी दुरुस्ती करावी लागते, हे ज्ञान ताजं होतं. मी देवळासमोर दोरी पसरून टेप लावला. चाळीस गाठींमागे दोन फूट जास्त भरले. म्हणजे पाणी तात्या सांगत होते त्याहून खाली होतं.

"तात्या, दोरी लांबली का तुमीच आखडले?" शेजारचे बापू म्हणाले. सगळे हसले. तात्याही हसले. मग दोरी गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाले, "मंग मागल्या सालीबी चुकलोच म्हनायचं." मागल्या उन्हाळ्यात त्यांच्या आकड्यावर लावलेला कांदा पुष्कळांचा वाळला होता.

इथे अर्जेंटिनात मी शेल खडकातल्या वायूचा माग काढतो. केबलला बांधलेली यंत्रं तीन किलोमीटर खाली सोडायची आणि सावकाश वर ओढताना प्रत्येक थराची नोंद घ्यायची. पापुद्र्यांच्या त्या काळ्या खडकात वायू डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांत अडकलेला असतो. किरणोत्सर्ग वाढला, विजेला अडथळा वाढला, की तिथे थांबून बघायचं. खोली चुकली तर बाकीची सगळी नोंद वाया जाते. दर वेळी ताणाची दुरुस्ती करताना मला सभेतलं ते हसू ऐकू येई.

दर रविवारी फोन करायचो. तात्यांचे गुडघे, गाय, भावकीतली लग्नं, सगळं विचारायचो. पाण्याचं मात्र कधीच नाही. त्यांना दुखवायचं नाही, असं स्वतःला सांगत होतो. खरं तर ते रागावलेले असतील, याची भीती होती.

यंदा ते गेले. मी पोचलो तेव्हा अस्थीही नदीत सोडून झाल्या होत्या.

बापू ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "तू गेला अन् तात्या घरोघर हिंडले. ज्याचा कांदा वाळला हुता त्याच्या दारात जाऊन म्हनले, माजी मोजनी चुकली. पोरानं दावलं म्हनून कळलं तरी."

आई आतून म्हणाली, "दोरी लांबती म्हनून त्यांनी मोजायला नवी साखळी आनली हुती. तुजा फोन यायच्या आदी विहिरीवर जाऊन यायचे. आकडा सांगायचा असायचा तुला. तू कदी इचारलंच न्हाई."

बाहेर पडलेल्या माझ्यासारख्यांना काय सांगू? आपण ज्या गोष्टीला घाबरून बोलत नाही, घर तिथेच वाट बघत असतं. आता रविवारी मी आईला आधी पाण्याचंच विचारतो.

"कुनाला ठावं बाबा," ती म्हणते. "मोजतंय कोन आता?"