उमेदरावांनी काढलेली किल्ली

मला लिहायची सवय नाही. हेही लिहू की नको, असं करत दोन आठवडे गेले. पण परवा उमेदरावांच्या शोकसभेत कुणीतरी म्हणालं, 'लढाईत आपल्या जवानांचं मनोधैर्य या एका माणसानं राखलं.' मी मागच्या रांगेत होतो. घरी येऊन हे लिहायला घेतलं.

उमेदराव हे आम्ही ठेवलेलं नाव. नगर कचेरीत ते जन्ममृत्यूचे दाखले देत. माणूस मठ्ठ नव्हता. मठ्ठ असता तर माफ करता आलं असतं.

लढाई सुरू झाली तसा त्यांनी दुपारच्या वेळी टपाल कचेरीमागच्या खोलीत 'पत्रकक्ष' काढला. लिहिता न येणाऱ्या बायका यायच्या आणि आघाडीवरच्या माणसांना पत्रं लिहवून घ्यायच्या. नजर अधू म्हणून भरतीत मला नाकारलं होतं, पण अक्षर बरं होतं, म्हणून लिहायला मी. माझ्या पाठीमागं उमेदराव, त्यांच्या हातात पत्रात चालतील अशा वाक्यांचा तक्ता. घर ठणठणीत. मुलं अभ्यास करतात. वडील रोज कोपऱ्यापर्यंत फिरून येतात.

एकीनं सांगितलं, "छप्पर गळतंय, भिंतीला भोक पडलंय."

उमेदराव म्हणाले, "लिहा, घर हवेशीर आहे."

मी लिहिलं. तेव्हा मीही काही मोठा शहाणा नव्हतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात आली नाही. आमच्या गावची माणसं एकाच तुकडीत होती, आणि आघाडीवर कुणी एकट्यानं पत्र वाचत नाही.

कुलूपवाल्याची बायको आली ती सासऱ्यांच्या मृत्यूनंतर पाचव्या दिवशी. "आमच्या ह्यांना कळवायचंय, मामंजी गेले म्हणून."

"आत्ता नको, बाई. खचेल तो."

त्या मृत्यूची नोंद खुद्द उमेदरावांनीच केली होती, सहीशिक्क्यासकट. तरी मी लिहिलं, की वडील कोपऱ्यापर्यंत फिरून येतात.

महिन्याभरानं कुलूपवाल्याचं उत्तर आलं. मी ते तिला वाचून दाखवलं. 'आम्ही इथं अकरा जण. अकराही जणांचे वडील कोपऱ्यापर्यंत फिरून येतात. त्यातले दोघं तर लढाईच्या आधीच वारलेत. हसून हसून पोट दुखलं. पण माझे बाबा खरंच फिरतात का गं? त्यांना लिहिता येत नाही, तर दुकानाच्या मोठ्या कुलपाची किल्ली कागदावर काढून पाठवा म्हणावं. ती ते डोळे मिटून काढतात.'

ती काही बोलायच्या आत उमेदरावांनी खिशातून आपल्या कपाटाची किल्ली काढली, कागदावर ठेवली आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली.

"अहो, ती आमची नाही," ती म्हणाली.

"किल्ली ती किल्ली. लढाईत दात कोण मोजत बसतो?"

"आमचे हे मोजतात."

ते हसले. पाकीट मीच चिकटवलं.

पुढचं पत्र दोन ओळींचं होतं. 'ही किल्ली कुठल्याशा कपाटाची आहे. बाबा कधी गेले?'

उमेदरावांनी तक्ता पुढं ओढला. "लिहा, वडिलांची नजर कमी झाली आहे, त्यामुळे..."

ती खुर्ची सरकवून माझ्यासमोर बसली. "भाऊ, मी सांगते तसं लिहिणार? नाहीतर कागद द्या, रस्त्यात कुणालाही गाठीन."

मी उमेदरावांकडे पाहिलं. परवानगीसाठीच पाहिलं, खोटं कशाला सांगू.

"जबाबदारी तुमची," असं म्हणून ते खिडकीपाशी गेले.

मग मी लिहिलं. मामंजी दोन महिन्यांपूर्वी, गुरुवारी दुपारी गेले. चार दिवस ताप होता. शेवटच्या दिवशी त्यांनी तुमची कानस मागून घेतली आणि उशाशी ठेवली. दुकान बंद आहे, पण कुलपांना मी तेल घालते. तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचवून घेतलं.

उत्तर आलं. 'पत्र पोचलं. रडलो. मग पोटभर जेवलो. कितीतरी दिवसांनी घरून पत्र आलं.'

'जरा बघून देतो,' म्हणत उमेदरावांनी ते तिच्याकडून घेतलं. दुसऱ्या दिवशी दारातल्या फळ्यावर त्याची सुबक नक्कल लागली. वर मथळा: 'पत्रकक्षाच्या कार्याची पावती'.

ती फळ्यापुढं थांबली. "भाऊ, सगळं उतरवलंय ना?"

मी खाली बघत म्हणालो, "एक शब्द गाळलाय."

"कुठला?"

"रडलो."

ती आत आली आणि उमेदरावांपुढं हात पसरून उभी राहिली. "माझं पत्र."

"ते दप्तरात गेलं."

"मग काढा."

तिच्यामागं चार बायका खोळंबल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "द्या की हो, तिच्या नवऱ्याचं आहे, तुमच्या नाही." बाकीच्या हसल्या. उमेदराव कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी खण उघडला.

"तुम्हाला मोठ्या कामाची किंमत नाही, बाई."

"नाही," ती म्हणाली, आणि पत्र घेऊन गेली.