सरांच्या अंगणातला गोबरगॅस

माधवराव सरांची आणि माझी पहिली भेट मंठ्याच्या बाजारात झाली. बाजार उठला होता आणि पांढराशुभ्र सदरा घातलेले एक गृहस्थ सडके टमाटे नि कोबीचा पाला पोत्यात भरत होते. मला दया आली. मी माझ्याकडची भाजीची पिशवी पुढे केली. "ही ताजी हाय," सर म्हणाले, "हिला आणखी टाइम हाय. तुम्ही पोतं धरा." ते पोतं त्यांच्या गोबरगॅसमध्ये गेलं आणि मी त्यांच्या कामात, तो आजतागायत.

जनावरं कमी झाली, शेण पुरेना, म्हणून गावोगावचे गोबरगॅस बंद पडत होते. ओला कचरा शेणात कालवून ते पुन्हा चालते करणं, हे सरांनी आयुष्याचं काम मानलं. त्यामागे त्यांच्या पत्नी, सुमनकाकू होत्या. चुलीच्या धुराने धरलेल्या त्यांच्या छातीची घरघर सर रोज ऐकत होते. कुंभार पिंपळगावात उद्घाटनाला पुढाऱ्यांनी काडीपेटी हातात घेतली, तेव्हा सरांनी ती नम्रपणे मागून घेतली आणि त्या घरच्या सुनेला दिली. "सैपाक ह्या करतेत, मंग पेटवायचं बी ह्यांनीच," म्हणाले. पुढारी रुसले, पण सरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

बायकांना समजावणं मात्र काकूंचं काम. "एकदम लई खाऊ घालू नका, टाकी आंबती," हे त्या इतक्या मायेनं सांगत, की एखाद्या लेकराबद्दल चाललंय असं वाटावं.

काकू या उन्हाळ्यात गेल्या. तेराव्याच्या जेवणात उरलेला भात, वरण, बुंदी, सगळं पाहुण्यांनी सरांच्या अंगणातल्या टाकीत ओतलं. अन्न वाया गेलेलं सरांना खपत नाही, एवढंच पाहुण्यांना ठाऊक होतं. टाकी आंबली, गॅस बंद झाला. अन्न ओतलं जात होतं तेव्हा सर समोरच बसून होते. जिल्हाभर हीच चूक ज्यांनी थांबवली, त्यांच्या तोंडून त्या दिवशी शब्द फुटला नाही.

तेव्हापासून सरांच्या घरची गॅसची शेगडी बंद आहे. पुतण्याच्या घरून डबा येतो, तो निम्मा परत जातो. या गौरवग्रंथासाठी संमती घ्यायला गेलो, तेव्हा मी म्हणालो, "सर, टाकी उपसून टाकू. नवं शेण भरू."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "तिच्या तेराव्याचं अन्न हाय त्यात, अशोक. उकिरड्यावर कसं टाकू?"

मला तिथं बसवेना. काकूंची आठवण आम्हा सगळ्यांनाच आहे, पण सरांचं दुःख आमच्या समजुतीबाहेरचं आहे.

परवा मात्र त्यांनीच बोलावून घेतलं. अंगणात शेणाची पाटी भरून ठेवलेली होती. "उपसायचं बिलकुल न्हाई," ते म्हणाले. "थोडा चुना टाकू, आंबटपणा मरंल. रोज थोडं थोडं शेण. पचंल हळूहळू."

"लवकर होईल ना, सर?"

"न्हाई. थंडी हाय. लई टाइम लागंल."

आम्ही दोघांनी शेण कालवलं. पाटी मात्र त्यांनी माझ्याकडे दिली नाही.

गॅस अजून आलेला नाही. पंच्याहत्तरी पूर्ण करणाऱ्या आमच्या सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. पण त्याच्याही आधी, अगदी लवकर, त्यांना भूक लागो.