कडूबाची पागल दाढ

कडूबा बोलायला लागला की बैलसुद्धा कान टवकारतात, असं धामणगाव बढे गावात म्हणतात. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, माइक कायम त्याच्याकडे. घरी थोडी कपाशी आहे, पण ओळख माइकवाला हीच.

अडचण एकच. कडूबाला बायपोलरचा आजार आहे. त्यात अधूनमधून मन असं उधळतं की झोप नको, जेवण नको, नुसतं बोलणं. आता कॉमेंट्रीवाला भराभर बोलतोय तो रंगात आलाय म्हणून की आजारात, हे ओळखायचं कुणी? मागच्या पटात कुणीच ओळखलं नाही. हरलेल्या प्रत्येक जोडीला त्याने कमिटीतर्फे एकेक म्हैस जाहीर केली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी काही जण दोर घेऊन म्हशी न्यायला आले.

तेव्हापासून कमिटीचा अध्यक्ष गणेश त्याला टाळत होता. यंदा माइक डीजेवाल्या ऋत्विकला जाणार, अशी कुजबुज सुरू झाली. कडूबाचं जेवणावरून लक्ष उडालं ते त्या कुजबुजीने.

दिवाळीनंतर बायको आशाबाई त्याला नेहमीसारखी बुलढाण्याला, मानसोपचाराच्या पद्मजा मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमचं लक्ष त्याच्या सुजलेल्या गालाकडे गेलं. खालची दाढ किडलेली, हिरडीत पू. मागच्या खेपेला मन उधळलं त्याच्या आधीही ती ठणकत होती, असं आशाबाईने सांगितलं. मॅडमने रक्त तपासायला लावलं, तर सूज दाखवणारा आकडा चढलेला. त्यांनी समजावलं, की मोठ्या मानसिक आजारात काही जणांच्या रक्तात अशी सूज सापडते. सूज आजाराला चिथावते की आजार सुजेला, हे अजून नक्की नाही. तुमच्या बाबतीत दाढेनेच केलं, असंही म्हणता येत नाही. पण हा जाळ अंगात ठेवायचा कशाला? दाढ दाखवून घ्या, आणि मन ताळ्यावर ठेवणारी लिथियमची गोळी चुकवू नका.

कडूबाने यातलं सोयीचं तेवढं उचललं. एसटीतून उतरून तो थेट चहाच्या टपरीवर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माहं डोकं ठीक हाय. पागल हाय ते दाढ."

गावाला हे फारच पटलं. लोक एकमेकांच्या सुजा न्याहाळू लागले. चिंतामण मास्तरांचा गुडघा सुजलाय म्हटल्यावर वर्गातली पोरं त्यांच्यापासून जरा लांबच बसू लागली.

दाढ काढायला मात्र कडूबा घाबरत होता. त्याने स्वतःच तोड काढली. मेडिकलमधून सुजेच्या गोळ्या आणायच्या आणि लिथियमसोबत गिळायच्या. सूज गेली की आजार गेला, आजार गेला की माइक आला.

आठवडाभरात त्याचे हात थरथरायला लागले. चहा घशात कमी, सदऱ्यावर जास्त. पोटही बिघडलं. गणेशने ते हात पाहिले आणि ऋत्विकला माइकचा निरोप धाडला. आशाबाईने नवऱ्याच्या खिशातल्या गोळ्या पाहिल्या आणि त्याला पुन्हा बुलढाण्याच्या एसटीत बसवलं.

पद्मजा मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा चिडल्या. सुजेच्या बऱ्याच गोळ्यांनी लिथियम अंगात साचतं, ते जास्त झालं तर जिवावर बेततं, हे त्यांनी कडूबाकडून दोनदा म्हणवून घेतलं. त्या गोळ्या बंद झाल्या. लिथियमची मात्रा मॅडमने रक्त तपासून बसवली. थरथर थांबल्यावर आशाबाईने त्याला हाताला धरून दातांच्या दवाखान्यात नेलं आणि दाढ निघेपर्यंत दारातून हलली नाही.

पट तोंडावर आला तशी कमिटी कडूबाच्या ओट्यावर येऊन बसली. हात थरथरत नाहीत हे सगळ्यांनी पाहिलं. तरी गणेशचा जीव म्हशींत अडकला होता.

"वहिनी, खरं सांगा," तो म्हणाला, "याचं बिघडलं हे आमाले मैदानात समजन कसं?"

"सोपं हाय," आशाबाई म्हणाली. "बरा असला का माह्यासंग भांडते. बिघडला का मी म्हणन त्याले हाव म्हणते, नाई कधीच नाई."

"काऊन वं, मी कधी भांडलो?" कडूबा उसळला. "परवा भाजीत मीठ कमी व्हतं, तेही गपचूप खाल्लं."

"मीठ बराबर व्हतं."

"कमी व्हतं."

"बराबर व्हतं म्हणते ना."

"अवं, जीभ माही हाय का तुही?"

गणेशने फोन काढला आणि ऋत्विकला सांगितलं, की तू आपला डीजेच सांभाळ. मिठाचा निकाल लागेपर्यंत थांबायची त्याला गरज वाटली नाही.