देगमधला पंप

दसरा झाला की वहिदाच्या घरी पंप यायला लागतात. खंडेनवमीला शेंद्र्याच्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते, आणि प्रयोगशाळेतल्या व्हॅक्युम पंपाला कुणीतरी अगदी मनापासून, त्याच्या उघड्या तोंडावरच अक्षता वाहतं. पंप हवा ओढतो तसे तांदूळही ओढतो. तेलात त्यांची खळ होते नि पंप जाम बसतो. मग तो वहिदाच्या नवऱ्याकडे, अन्सारकडे दुरुस्तीला येतो.

यंदाचा पंप अन्सारनं मोटर सोडवून डिझेलमध्ये भिजत घातला होता. तोही वहिदाच्या बिर्याणीच्या देगमध्ये. आणि त्याच दुपारी लेकीला, लाइबाला बघायला नोमान आणि त्याचे आई-वडील यायचे होते.

"अजी, दुसरं भांडं नव्हतं?"

"तो मावेल असं नव्हतं."

"मग पाहुण्यांना काय डिझेल वाढू?"

"संध्याकाळी पंप न्यायला गाडी येतीय. मुरू दे त्याला."

हे स्थळ हातचं जाऊ नये, एवढंच वहिदाला वाटत होतं. नोमान लाइबाला पसंत होता, आणि लाइबाला सहसा काही पसंत पडत नाही. तिनं देगवर झाकण ठेवलं, त्यावर भरतकामाचा रुमाल टाकला आणि डाळीच्या पातेल्यात पुलाव केला.

नोमानच्या आईनं आल्या आल्या वास घेतला. सरळ देगपाशी जाऊन झाकण उचललं आणि आत बघत राहिली.

"हे अजून शिजलं नाय."

"जाम झालाय, आपा," अन्सार म्हणाला. "अक्षतांनी."

वहिदानं डोळे मिटून घेतले. नोमान मात्र बाह्या सारून पुढं झाला. पंप फरशीवर घेऊन त्यानं पुलीला हात घातला. हलेना. मग त्याचे वडील बसले. शेवटी आईनं ओढणी खोचली.

"सरका. लई जातं ओढलंय मी."

पुली करकरली आणि फिरली.

अन्सारनं आतली खळ धुतली, नवं तेल भरलं, पट्टा चढवून मोटर चालू केली. हवा बाहेर टाकणारी नळी तेवढी साफ करायची राहिली. तिच्यातून धुराचा लोट आला, आणि त्याबरोबर अडकलेल्या लाल अक्षता. चहा घेऊन आलेल्या लाइबावर, आणि तिच्यासमोर उभ्या नोमानवर.

पंप छान घुमत होता.

नोमानच्या आईनं लेकाच्या केसातला एक दाणा काढला, बोटांत चेपून पाहिला.

"आता नाय म्हणायची सोयच राहिली नाय," ती वहिदाला म्हणाली. "निकाहची बिर्याणी तेवढी दुसऱ्या देगमध्ये करा."