शेजारची गोड विहीर आणि माझी दगडी नाली

कढईत उरलेलं तेल मी मोरीत ओतायला लावलं आणि त्यापायी शेजारच्या काकींची विहीर नासवली. माझ्या खात्यावर मूर्खपणाची पुष्कळ कामं जमा आहेत. स्वतःच्या वरातीत मी घोड्यावरून पडलो होतो. गल्लीतले लोक ते अजून सांगतात आणि हसतात. विहिरीचं मात्र कोणी सांगत नाही.

ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. साता समुद्रांपलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना भलताच मान आला. मी अकोल्यात कापसाची दलाली करायचो. अमरावतीकडचे व्यापारी घरी जेवायला येत. पुऱ्या, वडे, भजी यांची कढई उतरत नसे. त्या भरात मी मोरीपासून रस्त्यापर्यंत, काकींच्या भिंतीच्या कडेनं, वरून फरशी घातलेली दगडी नाली बांधून घेतली. गल्लीत अशी पहिलीच. पाहुण्यांचे पाय धुऊन झाले की पाटावर बसवण्याआधी मी त्यांना ती नाली दाखवून आणायचो. बिचारे भुकेल्या पोटी वा वा म्हणायचे.

बायकोची रीत जुनी. तळणाचं तेल ती गाडग्यात काढून ठेवायची, ते गाडीच्या आसाला वंगण म्हणून जायचं. कढईला कोरडी राख चोळून ती तेलकट राख उकिरड्यावर टाकायची आणि मगच भांडं मोरीत घ्यायची. मला त्याची लाज वाटू लागली.

"दलालाची बायको कढई खरडत बसली तं लोक काय म्हनतीन? ओत मोरीत, वरून गरम पानी सोड."

"अवो, गरम पानी पुढं जाऊन थंडच होते ना?"

"नाली दगडाची हाय, मातीची नाही!" मी म्हणालो. हे कशाचं उत्तर होतं, ते मला आजही ठाऊक नाही. पण तिनं ओतलं.

आता काकींचं सांगतो. आमच्याकडे जमिनीतलं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही. गल्लीत गोड पाणी एकट्या काकींच्या उथळ विहिरीला. काकी विधवा, मूलबाळ नाही. पण घागरी घेऊन बायका पहाटेपासून यायच्या, दोर सोडता सोडता सासूची, जावेची, पोटातल्या पोराची गाऱ्हाणी सांगायच्या. काकी ओट्यावर बसून निवाडा द्यायच्या. घरात दुसरं माणूस नसलेलं ते घर गल्लीत सगळ्यात भरलेलं असायचं.

थंडी पडली आणि विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसला. मग वास. फरशी उचलून पाहिली तर नालीत तूप मेणासारखं थिजलेलं, जवसाचं तेल काळ्या राळेसारखं दगडांना चिकटलेलं, त्यात शितं आणि कोंडा. वाट बंद झालेलं पाणी सांध्यांतून झिरपत विहिरीत उतरलं होतं.

काकी ओरडल्या नाहीत. "विहीर उपसून टाक, बापा, अन् एक पावसाळा तशीच राहू दे. झरा आपला आपण साफ होते."

पावसाळ्यापर्यंत थांबणं मला कमीपणाचं वाटलं. बेलदार आणले. नुसती उपसून भागायचं नाही, म्हटलं, आणखी खोल घ्या, खाली याहून चांगलं पाणी असेल. काकी दोनदा नको म्हणाल्या. मी त्यांना म्हणालो, "तुमी फक्त पाहत राहा, काकी."

खाली पाणी उसळलं. सगळी गल्ली काठावर जमलेली. पहिली ओंजळ मीच तोंडाला लावली. मिठाचा खडा विरघळावा तसं ते पाणी. लोक बघत होते म्हणून गिळून टाकलं.

"कसं हाय?" काकींनी विचारलं.

"थंड हाय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोर गुंडाळायला घेतला.

त्यानंतर बायका नदीवर जाऊ लागल्या. जाता-येता ओट्याकडे बघून हाक मारायच्या, पण डोक्यावर भरलेली घागर असताना कोण किती वेळ उभं राहणार? हाकाही कमी झाल्या. काकी मात्र सकाळी काठ झाडायच्या, सडा घालायच्या, आणि ओट्यावर बसून राहायच्या. आमची बायको रोज नदीवरची एक घागर त्यांच्याकडे ठेवून येई; मी दारामागे उभा असे. त्या भरल्या घरातला आवाज गेला होता, आणि ती शांतता आमच्या स्वयंपाकघरात भिंतीतून ऐकू यायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हिवरखेडहून त्यांचा भाचा गाडी घेऊन आला. सामान थोडंच होतं. निरोपाला गल्ली आली. ज्यांची मोडायला आलेली लग्नं काकींनी वाचवली होती त्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मी गाडीच्या चाकापाशी गेलो. दुसरी विहीर खोदून देतो असं म्हणायचं ठरवून आलो होतो, विचारलं भलतंच.

"काकी," मी म्हणालो, "माह्यावर राग हाय ना तुमचा?"

त्यांनी गाठोडं मांडीवर नीट घेतलं.

"तुह्यावर काहून रागावू? बैल वावरात शिरला तं बैलावर कोनी रागावते काय?"