करंजाचा मिक्सर चालू होत नाही

मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, झाकण हरवलेली भांडी आणि किस्से. भांडी शेठ दिवाळीला भंगारात घालतात. किस्से माझ्याकडे आहेत.

मी शैला, गव्हाणची. पनवेलच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये आधी काउंटरवर फोन घ्यायचे. मग शेठच्या मागेच लागले, मला घरोघरी कॉलवर पाठवा, आयटीआय काय फोन उचलायला केलं? शेठ म्हणाले, "मशीन उघडायला बाई आलेली बघून लोक हसतील." मी म्हटलं, "हसू देत. मशीन चालू झालं की थांबतील."

शेवटी ठरलं, दिवाळीपर्यंत ट्रायल. एक जरी मशीन चालू न करता परत आले, तर कायमचा काउंटर. माझ्या जागी दुकानातला रियाझ बसला. म्हणाला, "जा बिनधास्त. स्टूल गरम ठेवतो." मेला.

*

पहिलाच कॉल नवीन पनवेलचा. एका काकूंची कोरी करकरीत इंडक्शन शेगडी नुसती टीं टीं करत होती, कारण वर ॲल्युमिनियमचं पातेलं. मी त्यांच्या फ्रिजवरचा मॅग्नेटचा गणपती काढला आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावून दाखवला. "हा चिकटेल ते भांडं चालेल."

थोड्या दिवसांनी काकूंचा फोन. "शैला, नवीन कुकर आणलाय, पण बाप्पा नाही म्हणतोय."

"मग परत करा काकू."

"तेच करते. म्हटलं तुझं आणि बाप्पाचं मत एक आहे का ते बघावं."

*

दसऱ्याला लोक मशीन घेतात आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन करतात. कळंबोलीला एका घरी मिक्सर झेंडूचा हार घालून बसलेला. बटणावर कुंकवाचं स्वस्तिक. भांडं काही नीट बसेना, आणि भांडं बसल्याशिवाय तो मिक्सर सुरूच होत नाही. उलटा केला तर खाचांतून अक्षता पडायला लागल्या. एका माणसाचा भात झाला असता.

मी म्हटलं, "ताई, अक्षता डोक्यावर टाकतात, घशात नाही."

ती शांतपणे म्हणाली, "ह्याचं डोकं कुठलं ते तुमच्या पुस्तकात लिहिलेलं नाही."

खरंच नाही. मी घरी येऊन बघितलं.

*

रियाझच्या खालाला, म्हणजे मावशीला, तिच्या मुलाने कुवेतहून ओव्हन आणून दिला. तो चालू होईना. रियाझ म्हणाला, "फॅमिली मॅटर आहे, माझं नाक कापू नको." बघते तर टायमर शून्यावर. तो फिरवल्याशिवाय ओव्हन लागतच नाही. मी फिरवला, टिकटिक सुरू झाली, आत लाल झालं. खाला पुढे आली आणि तिने तो परत शून्यावर नेला.

"टिकटिक नको बेटा. घड्याळ आहे माझ्या भिंतीवर."

खूप समजावलं, तेव्हा कुठे पटलं. मग तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. म्हणाली, "एका खोलीत दोन नकोत, भांडतील."

*

मग खुद्द शेठच्या घरचा मिक्सर बसला. फराळाचं दळण अर्ध्यावर, आणि शेठ स्वतः सकाळपासून स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्याशी झटत होते. मी तो उलटा केला आणि तळाचं लाल बटण दाबलं. जास्त लोड आला की ते उडतं, एवढंच. मिक्सर गरजला.

शेठ म्हणाले, "मी आता तेच दाबणार होतो."

आतून वहिनी म्हणाल्या, "हो, पुढच्या दिवाळीला."

त्या दिवशी मला वाटलं, जिंकलो आपण. ट्रायल संपल्यात जमा होती.

*

आणि कॉल आला करंजाहून. कोळ्याचं घर. मुलगा बोटीवर कामाला, त्याने आईचा खांदा दुखतो म्हणून मिक्सर आणलेला, तो काही केल्या चालू होईना. मी गेले तेव्हा तो बंदरावर गेला होता. घरात एकटी म्हातारी, हिराबाय.

भांडं बसत नव्हतं. मिक्सर उलटा केला, तर खाचांत सुका जवळा. सांडलेला नव्हे, बोटाने दाबून दाबून भरलेला. मी तो साफ केला, भांडं बसवलं, बटण फिरवलं. पहिल्या झटक्यात सुरू.

"बंद कर," हिराबाय म्हणाली. मग तिने खिडकीतून समोरचा ओटा दाखवला. तिथे मोठा पाटा मांडलेला, आळीतल्या बाया कालवणाचं वाटण वाटत होत्या आणि कशावरून तरी खिदळत होत्या. मधे एक जागा रिकामी होती.

"रोज दुपारची आमी तिथं बसतो. घरात ह्यो चालू असला तं मी तिथं कंच्या तोंडानं जाऊ?"

मी मिक्सर बंद केला. ती म्हणाली, "तुला चालू करता येतो, ते बघितला मी. बंद ठेवता येतो का?"

मला रियाझचं गरम स्टूल आठवलं. मग मी खाली बसले आणि जवळा परत भरला.

मुलगा आला. "झाला?"

"नाही. ह्या घरात हा चालणार नाही."

"मंग बदलून आनू?"

"बदलून आणलात तरी नाही चालणार."

दुकानात मी मिक्सर चालू झाला नाही एवढंच सांगितलं, आणि शेठने स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले. रियाझलासुद्धा हसू आलं नाही.

सकाळी फोन वाजला तो रियाझनेच उचलला. "करंजा. कालच्याच आळीतलं दुसरं घर. मिक्सर चालू होत नाही."

शेठ म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

रियाझने रिसीव्हरवर हात ठेवला. "शेठ, दुसरा नको म्हणतात. घरातली म्हातारी म्हणते, कालचीच बाई पाहिजे." फोन ठेवतो तोच परत वाजला. तीच आळी, पुढचं घर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी वाजत राहिला.

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. मग माझी टूलची बॅग त्यांनी स्वतः उचलून काउंटरवर ठेवली. "अगं, असं केलंस तरी काय तिथे?"

मी बॅग खांद्याला लावली. म्हटलं, "सर्व्हिस दिली, शेठ."