दिगूनं काढलेला जोगवा

तार आली तेव्हा मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. पोस्टमन दारात आला आणि तार हातात द्यायची सोडून म्हणाला, "अक्का, मास्तर कुठं हायेत? त्यांना बोलवा आधी." तेव्हाच मी समजले. कावीळ झाल्याचं मुंबईहून कळवलं होतं, उतरतेय असंही कळवलं होतं... आणि मग एकदम ही तार. माझा धाकटा भाऊ दिगंबर, आमचा दिगू, चित्रकार, ऐन उमेदीत गेला. तुळजापुरात आमच्या घरी माणसं येऊन बसायला लागली. जो तो म्हणे, केवढा मोठा माणूस झाला हो तुमचा भाऊ! पेपरातही छापून आलं, गरिबांचं दुःख रंगवणारा कलावंत हरपला वगैरे. मग या पुरवणीचे गृहस्थ सोलापुराहून आले आणि म्हणाले, बहिणीच्या नजरेतून चार गोड आठवणी लिहा. मी म्हटलं, गोडच पाहिजे असतील तर हलवायाकडं जा. बिचारे गोरेमोरे झाले. मग म्हणाले, जे असेल ते लिहा. म्हणून लिहिते आहे.

आमची आई दिगू रांगत होता तेव्हाच गेली. वडील लोहाऱ्याच्या कचेरीत कारकून. जन्मभर उर्दूत लिहिलं आणि निजाम गेल्यावर पिकल्या केसांनी मराठीत अर्ज लिहायला शिकले. माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकच अट घातली होती, दिगू माझ्याबरोबर येईल. तुळजापूरच्या मास्तरांच्या घरानं ती मानली. सासूबाई म्हणाल्या, "लेकरूच हाय, दोन घास खाईल आन् ऱ्हाईल." राहिला. पण कसला राहिला! घरातली एक भिंत कोरी ठेवली नाही पठ्ठ्यानं. चुलीतला कोळसा घ्यायचा आणि सासऱ्यांचं पागोटं, शेजारच्यांची म्हैस, देवळाच्या पायरीवर डुलक्या काढणारा गोंधळी, जे दिसेल ते काढायचा. मी रागवायची आणि पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. म्हैस तर अशी काढली होती की हाक मारली असती तर वळून बघितलं असतं तिनं.

मॅट्रिकच्या आधी त्याला मुदतीचा ताप आला. ताप उतरेना, डोळे उघडेनात. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी देवळात जाऊन देवीआईला सांगितलं, माझा दिगू उठू दे, मी पाच घरी जोगवा मागीन. आमच्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही, पण पुरवणी लांब लांब जाते म्हणून सांगते. जोगवा म्हणजे भीक नव्हे. घरात कणग्या भरलेल्या असल्या तरी बाई नवस बोलते, अनवाणी निघते, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर मळवट. दारात उभी राहून म्हणते, आई राजा उदो उदो, जोगवा वाढा माय. मी मोठी, माझ्या घरात सगळं आहे, हा ताठा त्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि देवीच्या नावानं पदर पसरायचा, एवढंच ते. घरातली माणसं जोगवा वाढतात आणि मागणारणीला नमस्कार करतात.

दिगूचा ताप उतरला. मंगळवारी सासूबाईंनी स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात माळ घातली आणि मी निघाले. पाच घरं करून परत आले तर हा खिडकीपाशी उशीला टेकून बसलेला, हाडांचा सापळा नुसता, आणि डोळे माझ्यावर. म्हणाला, "अक्का, तशीच उभी ऱ्हा." उन्हातून आलेली, पाय पोळलेले, पण उभी राहिले. त्यानं कागदावर काढलं. माळेतली कवडी न् कवडी काढली, मळवट काढला, परडीतलं पीठसुद्धा काढलं. सासूबाईंनी तो कागद देवघरात लावला. विचारलं मी, "हे कशापायी केलं ठाऊक हाय का तुला?" तर म्हणाला, "माज्यापायी." एवढं सगळं त्याला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

पुढं मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबाद सुटलं आणि मुंबई आमची राजधानी झाली. दिगू तिथं चित्रकला शिकायला गेला, शिकून तिथंच मास्तर झाला. दर पत्रात एकच, अक्का, ये, तुला म्युझियम दाखवतो. वडील हैदराबादच्या अजबखान्याच्या गोष्टी सांगायचे, तेव्हापासून मला वाटायचं, असलं काही आपण मेल्याशिवाय बघणार नाही. आमचे हे म्हणाले, "जाऊन ये की. शनिवार-रविवार. मी भाकरी थापून खाईन." यांना भाकरी थापता येत नाही, पण मी गेले. यांनी सोलापुरात बायकांच्या डब्यात बसवून दिलं आणि सकाळी दिगू स्टेशनावर उभा होता. पांढरा झब्बा, खांद्याला झोळी, केस मानेवर आलेले. मी म्हटलं, "न्हावी मिळंना व्हय रे मुंबईत?" इतका हसला की हमाल वळून बघायला लागले.

त्या शनिवारसारखा दिवस मला दुसरा मिळाला नाही, हे मी लिहिलंच पाहिजे. घुमटाच्या मोठ्या म्युझियममध्ये त्यानं मला हाताला धरून फिरवलं. नखाएवढ्या चेहऱ्यांची जुनी चित्रं दाखवली. "आधी मागं सर, मग जवळ ये, मग परत मागं सर," म्हणायचा. तसं केलं की खरंच चित्रातली बाग उघडत जायची. एका दालनात पाषाणाची महिषासुरमर्दिनी होती. मी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. पहारेकरी हसला. दिगू कानाशी येऊन म्हणाला, "अक्का, इथं नमस्कार करत नाहीत गं. इथं फक्त बघायचं असतं." मी म्हटलं, "आई हाय ती. मुंबईत आली म्हणून काय दगड झाली का?" दिवसभर मी दमले नाही. दुपारी बाकावर बसून दोघांनी शेंगापोळ्या खाल्ल्या, आणि मला वाटलं, लेकरू वाढवलं त्याचं चीज झालं.

रविवारी समुद्र दाखवून झाला. येताना एका इमारतीत माणसं जाताना दिसली, दारावर चित्रांच्या प्रदर्शनाची पाटी. मी म्हटलं, "चल की, हेही बघू." तर म्हणाला, "तिथं काही नाही बघण्यासारखं." मी म्हटलं, "असू दे, मी काय रोज येते का?" तर म्हणाला, पाय दुखतील तुझे. माझे पाय! तुळजापूरच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईचे! असं बोलत उभे होतो तोवर एक गृहस्थ आतून बाहेर आले, कोट घातलेले, बरोबर त्यांच्या बाई. त्यांनी दिगूच्या पाठीवर थाप मारली. "अरे, बाहेर काय करतोयस? तुझ्या भिकारणीपुढं गर्दी आहे!" आणि त्याला धरून आत घेऊन गेले. मी मागं मागं गेले.

समोरच्या भिंतीवर मी होते. माणसाएवढी. तीच मान, तेच अनवाणी पाय, तीच परडी. पण गळ्यात माळ नव्हती. लुगड्याला ठिगळ लावलेलं, खांद्यावर फाटलेलं. आणि कपाळ... कपाळ पांढरं फटक. आमचे हे तिकडं घरी भाकरी जाळत बसलेले आणि इकडं माझ्या भावानं माझं कुंकू पुसून मला भिंतीवर टांगलेलं.

त्या बाई चित्राकडं बघत होत्या, मग माझ्याकडं बघायला लागल्या. म्हणाल्या, "अगंबाई, हीच का ती?" गृहस्थांनी विचारलं, "कोण रे ह्या?" मी दिगूकडं बघितलं. एवढंच म्हणायचं होतं त्यानं, माझी बहीण. पुढं काही सांगायची गरज नव्हती. दिगूनं झोळीचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि म्हणाला, "गावाकडची एक बाई आहे. मॉडेल म्हणून बसली होती."

त्या बाईंनी मायेनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि विचारलं, "मुलं किती गं तुला? पोटभर मिळतं का?" मला! 'गं' म्हणून! पण मी चारचौघांत भावाची अब्रू घालवणारी नव्हे. तो मात्र उभा होता, आणि आणखी दोघं-तिघं येऊन त्याचं अभिनंदन करत होते.

बाहेर समुद्राच्या कठड्यापाशी येईपर्यंत मी दम धरला. मग विचारलं, "दिगू, मी तुझी कोण?"

"असं काय बोलतेस अक्का?"

"कोण ते सांग."

"अगं, इथं जोगवा म्हटलं तर कुणाला कळतं? सगळं समजावत बसावं लागतं. भिकारीण म्हटलं की माणूस लगेच थांबतो."

"आन् कपाळ?"

"चित्राची एक गरज असते. तुला नाही समजायचं ते."

"मी कुणासाठी मागितलं रं ते? चित्रासाठी?"

त्याचे डोळे भरले. पण तोंडातून निघालं काय, तर, "हळू बोल, लोक बघतायत." तिथंच माझं मन उठलं. चूक केली म्हणून नाही. चुका काय, लेकरं करतातच. पण ज्या जिवासाठी मी ताठा उतरवून ठेवला, त्याच जिवाला माझी लाज वाटली. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हे.

घरी येऊन यांना सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "चित्र हाय ते. मी हाय ना जिता?" पण त्या दिवसापासून देवघरातला कागद बघितला की तेही वळून दुसरीकडं बघायचे.

दिगू पुढंही नवरात्रात यायचा. मी पुरणपोळी करायची, तो खायचा, भाच्यांना रंगांच्या पेट्या आणायचा. ओवाळणी टाकायचा, मी ओवाळायची. माणूस तुटत नाही असं. पण त्यानं झोळीतून पेन्सिल काढली की मी उठून आत जायची. एकदा म्हणालाही, "अक्का, एकदा बस की, म्हातारी व्हायच्या आत." मी म्हटलं, "मुंबईत काय भिकारणींचा दुष्काळ पडलाय?" तो हसला नाही. त्या प्रदर्शनात चित्राला बक्षीस मिळालं, नाव झालं, पुढं त्यानं तशीच चित्रं काढली, फाटक्या लुगड्यांची, रिकाम्या हातांची. मी वाट बघत होते. कधीतरी, कुठंतरी, चार माणसांत म्हणेल, ती माझी थोरली बहीण आहे. पत्र आलं की आधी तेच शोधायची. वेडीच मी.

दिगूच्या दिवसांना आम्ही दोघं मुंबईला गेलो. चौदाव्या दिवशी त्याचे मित्र, विद्यार्थी भेटायला आले. ते चित्र बाहेरच्या खोलीत लावलेलं होतं. सुनंदा, त्याची बायको, सांगत होती की कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी हे चित्र त्यानं कधी विकलं नाही, आजारपणात पलंगसुद्धा त्याच्यासमोर टाकायला लावला. ते ऐकून माझं काळीज हललं, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. एका विद्यार्थ्यानं विचारलं, ही बाई कोण होती? सुनंदा म्हणाली, "यांच्या लहानपणी दारावर यायची एक. नवरा मेलेला, मुलंबाळं नाहीत. यांची अक्का तिला रोज भाकरी वाढायची, हो ना वन्सं? सांगा की तुम्हीच."

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. म्हणजे मला भाकरी वाढणारीही मीच! मरेपर्यंत बायकोलाही खरं सांगितलं नाही त्यानं. सुनंदा बिचारी पुढं म्हणाली, "मी एकदा म्हटलंही होतं, नाक अगदी वन्संसारखं आहे. तर म्हणाले, गावाकडच्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात."

हे दाराशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली. मी उठले. पिशवीतून माझी कुंकवाची डबी काढली. सुनंदाचं नुकतंच उघडं झालेलं कपाळ समोर होतं, त्या घरात डबी उघडू नये हे मला कळत होतं, हात थांबलाही. पण मग चित्राकडं बघितलं. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि चित्रातल्या कपाळावर आडवं ओढलं.

सुनंदा ओरडली, "अहो वन्सं, चित्र खराब होईल!"

मी म्हटलं, "होऊ दे. नवरा जिता हाय तिचा, तो बघ दारात उभा हाय."